राजूर घाटात बंद पडलेली स्विफ्ट

अनुपमाचं माहेर उंद्री. वडील हिंमतराव यांच्या दारात ट्रॅक्टर उभा असायचा, पण त्याच्या सीटवर घरातली बाई कधी बसली नाही, आणि बसावं असं कुणाच्या मनातही आलं नाही. लग्न होऊन ती रोहिणखेडला आली तेव्हा तिला सायकल तेवढी येत होती. नवरा मात्र असा मिळाला की त्याला गाडीशिवाय दुसरं काही सुचायचंच नाही.

सागरच्या घरी भाजीपाल्याची शेती. थोरला भाऊ दीपक मिरची, कोबी, वांगी बघायचा. आई तानुबाई गुडघे दुखत असले तरी निंदणाला जायचीच. सागरचं मन शेतात कधी रमलं नाही. बारावी झाल्यावर तो मलकापूरला एका जिनिंगवाल्या शेठकडे ड्रायव्हर म्हणून लागला. शेठकडे स्विफ्ट होती. त्या गाडीनं सागरला जे वेड लावलं ते लावलंच. पुढं त्यानं स्वतःची जुनी स्विफ्ट घेतली, पेट्रोलवरची, लाल रंगाची, आणि लग्नाच्या, देवदर्शनाच्या, दवाखान्याच्या भाड्यावर फिरवायला लागला.

लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात अनुपमानं त्याच्या तोंडून जेवढं गाडीबद्दल ऐकलं तेवढं सासरच्या माणसांबद्दल ऐकलं नसेल. ती चुलीपुढं भाकरी थापायची आणि हा उंबऱ्यात बसून सांगायचा. जपान्यांनी ही गाडी दिसायला लहान केली, पण वळणावर ती रस्त्याला अशी धरून राहते की मोठ्या गाड्यांनी लाजावं. तिकडं हिचीच एक स्पोर्ट म्हणून बहीण आहे, मोठं इंजिन, मागं दोन सायलेन्सर. ती इकडं कधी विकायलाच आणली नाही. तिचे व्हिडिओ तो मोबाईलवर लावायचा आणि आवाज मोठा करून अनुपमाच्या कानाशी धरायचा. तिला त्यात घरघरीशिवाय काही कळायचं नाही, पण त्याचा चेहरा बघत राहावंसं वाटायचं.

गाडी शिकवायचं त्यानंच काढलं. मका निघाल्यावर रिकाम्या झालेल्या रानाच्या कडेच्या रस्त्यावर तो तिला संध्याकाळी घेऊन जायचा. गावातल्या बाया हसल्या. तानुबाई पहिल्यांदा रागावली, मग म्हणाली, शिकू दे, वाया थोडंच जाते. अनुपमा महिनाभरात शिकली. पहिली लेक डिंपल पोटात असताना सातवा महिना लागेपर्यंत ती गावातल्या गावात गाडी चालवायची.

डिंपल शाळेत जायला लागली तेव्हा सागरनं ती पेट्रोलची गाडी विकली आणि डिझेलची घेतली. रंग तोच, लाल; बाहेरून बघणाऱ्याला फरक कळू नये. मागच्या दारावर व्हीएक्सआयच्या जागी व्हीडीआय लिहिलेलं होतं एवढंच. आत मात्र सगळं वेगळं होतं. पेट्रोलचं इंजिन हलकं, पाय दाबला की आनंदानं वर चढायचं, आणि जितकं फिरवाल तितकं गोड वाजायचं. डिझेलचं इंजिन मुळातलं इटलीवाल्यांचं, जपानी गाडीत बसवलेलं. पुढून जड, आणि इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा दोन हजाराच्या खाली असला की झोपल्यासारखं. तो काटा वर गेला की टर्बो जागा व्हायचा आणि पाठीत धक्का बसायचा. सागर म्हणायचा, पेट्रोलवालीले लाडानं चालवा लागते, डिझेलवालीले झोपू द्यायचं नाही. घाटात दुसऱ्या गिअरमध्ये काटा पडू न देता कसं चढायचं हे त्यानं अनुपमाला राजूरच्या घाटात नेऊन शिकवलं. शिकली ती, पण तिचा जीव त्या जुन्या गाडीतच अडकलेला. पहिली शिकलेली गाडी ती.

मग सागरचे पाय सुजायला लागले.

आधी वाटलं, दिवसभर बसून गाडी चालवतो म्हणून. मग तोंडही सुजलं. मग बुलढाण्याच्या डॉक्टरांनी रक्त बघितलं आणि अनुपमाला बाहेर बोलावलं. रक्तदाब कित्येक वर्षं वाढलेला होता आणि कुणी कधी मोजलाच नव्हता. दोन्ही किडन्या जवळजवळ गेलेल्या. आठवड्यातून दोनदा मशीनवर रक्त धुवावं लागेल, मंगळवारी आणि शुक्रवारी. तेहतीस वर्षांचा माणूस.

किडनी देण्याचा विषय निघाला तेव्हा तानुबाई सगळ्यांच्या आधी उठली. डॉक्टरांनी तिची साखर बघितली आणि मान हलवली. अनुपमाचा रक्तगट जुळला नाही. राहिला दीपक. तो त्या दिवशी दवाखान्यात आला होता. त्यानं विचार करतो असं सांगितलं आणि मग त्या विषयावर पुन्हा बोलला नाही. त्याला कुणी विचारलं नाही. सागरनं आईला आणि बायकोला शपथ घातली होती की दादाला विचारायचं नाही. त्याला दोन लेकरं आहेत, एवढंच म्हणाला. पण घरात दीपक आला की सगळ्यांची बोलणी तुटायची, आणि दीपकलाही ते कळत होतं.

सागरला आता स्टिअरिंग धरवत नव्हतं. मशीनवरून उठला की हात थरथरायचे. रोहिणखेडहून मोताळा, मोताळ्याहून राजूर, राजूरचा घाट चढून बुलढाणा, असा रस्ता आठवड्यातून दोनदा अनुपमा एकटी चालवायला लागली. शिकण्यापुरतं सोडलं तर गावाबाहेर कधी गाडी न नेलेली बाई ट्रकांच्या मधून जायला लागली. सुरुवातीला घाटात तिचे हात घामानं स्टिअरिंगवर घसरायचे. सागर शेजारी डोळे मिटून बसायचा, पण कान गाडीकडे. काटा जरा पडला की डोळे न उघडता म्हणायचा, झोपली बघ, खाली घे. ती गिअर खाली घ्यायची.

वर्ष गेलं, दुसरं आलं. उन्हाळा त्यांना सगळ्यात वाईट जायचा. मशीनवरच्या माणसाला पाणी मोजून, जास्त झालं की ते छातीत साठतं. सागरचे ओठ तडकायचे. तो बर्फाचा खडा तोंडात ठेवून मुकाट पडून राहायचा आणि डिंपलनं त्याच्यासमोर पाणी प्यायलं की तोंड फिरवायचा. पोरगी मग माठाशी जाऊन, पाठ करून प्यायची.

त्या मे महिन्यात सागर एका शुक्रवारी उठलाच नाही. मले नाही यायचं, म्हणाला. अनुपमानं आधी समजावलं, मग भांडली, मग पाया पडली. तानुबाई रडली. तो भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. एक पाळी चुकली तर काय होते, म्हणाला, लोकांच्या चुकतेच. त्या दोन दिवसांत तो पुष्कळ शांत होता. डिंपलला जवळ घेऊन बसला. दीपकला बोलावून शेतातल्या मोटारीबद्दल काही बोलला. रविवारी दुपारी अनुपमा शेतातून आली तेव्हा तो माठाशी उभा राहून तांब्यानं पाणी पीत होता, एकामागून एक, डोळे मिटून. तिनं तांब्या हिसकावला. तो हसला. त्याचं ते हसणं तिला तेव्हा कळलं नाही.

सोमवारी सकाळी त्याला श्वास लागेना. आडवं पडलं की गुदमरायचा, बसलं की घरघर. नखं निळी दिसायला लागली होती. अनुपमानं शेजाऱ्यांच्या मदतीनं त्याला गाडीत बसवलं, सीट मागे न पाडता, ताठ. दीपक मिरची घेऊन मलकापूरला गेला होता. तानुबाईला डिंपलपाशी ठेवून ती निघाली.

गाडी चालू केल्यावर तिला दिसलं की डिझेलचा काटा तळाला आहे. शुक्रवारी जाताना भरायचं ठरलं होतं आणि शुक्रवारी गेलेच नव्हते. मोताळ्यापर्यंत कशीबशी आली. मोताळ्याच्या पंपावर गर्दी होती. तिनं हॉर्न वाजवला, खाली उतरली, पंपावरच्या माणसाला हात जोडून म्हणाली, भाऊ, पेशंट आहे, लवकर टाका. तो म्हणाला, काय टाकू? ती सागरकडे बघत होती. त्याची मान एका बाजूला कलली होती आणि ती सरळ करायला तिचा जीव तिकडे ओढत होता. पेट्रोल, ती म्हणाली.

तिनं पेट्रोल म्हटलं आणि त्यानं पेट्रोल टाकलं. त्यात त्याची काही चूक नव्हती. ती गाडीत बसली आणि सुटली.

राजूर मागे गेलं तोवर काही कळलं नाही. टाकीच्या तळाला आणि नळीत थोडं जुनं डिझेल होतं, ते संपेपर्यंत गाडी चालली. घाटाची पहिली वळणं चढताना इंजिन वेगळं वाजायला लागलं. आतून कुणी लोखंडावर लोखंड आपटावं तशी टकटक. पाय दाबला तरी उचल नाही. तिनं गिअर खाली घेतला, काटा वर गेला नाही. गाडीनं दोन-चार हिसके दिले, मागं पांढरा धूर सुटला आणि एका वळणावर ती बंद पडली.

अनुपमानं सेल्फ मारायला हात नेला तेव्हा सागरनं तिचं मनगट धरलं. त्याच्या हातात जोर नव्हता, नुसती बोटं ठेवली.

"काय टाकलं?"

"पेट्रोल."

तिचा तिलाच आवाज ऐकू आला आणि मग तिला कळलं. तिनं तोंडावर हात धरला.

"सेल्फ नको मारू," तो म्हणाला. एकेका शब्दाला थांबत होता. "इंजिनातला पंप जाईन. नुसतं... उभी राहू दे."

तो रागावला नाही. त्यानं डोळे मिटले. त्याच्या छातीतून पाणी उकळल्यासारखा आवाज येत होता. वर उन्हानं रस्ता तापला होता, दोन्ही बाजूला सागवानाची पानं गळून नुसत्या काठ्या उभ्या होत्या, आणि सावली म्हणून कुठं नव्हती. तिनं सगळ्या काचा खाली केल्या. मोबाईलला रेंज येत-जात होती. एकशे आठला फोन लागला, पत्ता सांगितला, बुलढाण्याहून गाडी निघते म्हणाले, आणि मध्येच कट झाला. ती किती वेळात येईल ते तिला ऐकूच आलं नाही.

ती रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली. खाली उतरणाऱ्या गाड्या काय कामाच्या, तिला चढणारी हवी होती. एक मोठी गाडी आली, तिनं हात केला, गाडीनं वळसा घातला आणि निघून गेली. एक ट्रक हॉर्न देत गेला. वळणावर थांबला तर मागून सगळं अडेल, हे तिलाही समजत होतं. एक मोटारसायकलवाला थांबला, पेशंटकडे बघून घाबरला, म्हणाला, ताई, याले मी कसा नेऊ, आणि तोही पुढं गेला. ती परत गाडीपाशी आली. सागरचे ओठ काळे पडले होते. तिला वाटलं, आपण याला मारलं. स्वतःच्या तोंडानं, एका शब्दानं. दोन वर्षं घाट चढून-उतरून ज्याला जगवलं त्याला आपणच इथं आणून ठेवलं.

मग खालून टोमॅटोच्या कॅरेटांनी भरलेली एक पिकअप आली. अनुपमा पुन्हा रस्त्याच्या मधोमध गेली, आणि यावेळी कडेला झाली नाही. गाडी तिच्यापासून हातभर अंतरावर थांबली. आतला माणूस पन्नाशीचा, डोक्याला उपरणं गुंडाळलेला. तो शिवी देण्यासाठी तोंड उघडणार तोच त्याला गाडीतला सागर दिसला. तो उतरला. काही विचारलं नाही. नंतर कळलं त्याचं नाव पुंजाजी, बुलढाण्याच्या बाजाराला माल नेत होता. त्यानं आणि अनुपमानं मिळून सागरला उचललं आणि त्याच्या शेजारच्या सीटवर बसवलं, पट्टा लावला. कॅबिनमध्ये तिसऱ्याला जागा नव्हती. पुंजाजीनं मागची चार कॅरेटं काढून रस्त्याच्या कडेला ठेवली आणि म्हणाला, "मांगं चढ, पोरी. दोरी धर. मी हळू नेईन असं समजू नको."

तो हळू नेत नव्हताच. अनुपमा मागं कॅरेटांच्या मधल्या फटीत गुडघ्यांवर बसली, दोरी दोन्ही हातांनी धरली. कॅबिनच्या मागच्या काचेतून तिला सागरचं डोकं दिसत होतं, फक्त डोकं. वळणावर ते एका बाजूला जायचं, वळण सरलं की परत यायचं. परत येईपर्यंत ती श्वास रोखून धरायची. एका वळणानंतर ते परत आलं नाही. तिनं काचेवर मुठी मारल्या, ओरडली. पुंजाजीनं चालवताचालवता डाव्या हातानं सागरची मान सरळ केली आणि तो हात तसाच त्याच्या कपाळाखाली ठेवला, एका हातानं घाट चढला. घाट सरल्यावर समोरून सायरन वाजवत एकशे आठची गाडी आली. पुंजाजीनं ती थांबवली, पण आतल्या माणसानं सागरकडे बघून म्हटलं, आता उतरवण्यात वेळ घालवू नका, माझ्या मागं चला. ती वळली आणि पुढं सायरन, मागं टोमॅटो, असे ते दवाखान्याच्या दारात पोचले.

सागर वाचला. त्या दिवशी वाचला. डॉक्टर नंतर म्हणाले, अजून थोडा उशीर झाला असता तर हृदय थांबलं असतं. अनुपमानं ते ऐकलं आणि कॉरिडॉरमध्ये भिंतीला टेकून खाली बसली. पुंजाजी केव्हा गेला ते तिला दिसलंच नाही.

दीपकनं दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर लावून गाडी मोताळ्याच्या गॅरेजमध्ये ओढून नेली. टाकी उपसून काढावी लागली. पंप आणि इंजेक्टर गेले होते. मेकॅनिकनं समजावून सांगितलं की डिझेल नुसतं जळत नाही, आतल्या बारीक भागांना वंगणही देतं, आणि पेट्रोल ते वंगण धुऊन काढतं. दीपकनं घरी येऊन हे सांगितलं आणि मग सगळ्यांसमोर म्हणाला, "बाईच्या हाती गाडी देल्ली की असंच होते. मारलाच होता तिनं त्याले."

  दीपकचं म्हणणं अनुपमाला खोटं वाटत नव्हतं. तो आत गेला तेव्हा त्याचे डोळे भरलेले होते, हे मात्र तिनं बघितलं.

गाडी गॅरेजातच राहिली. मंगळवार-शुक्रवार आता एसटीनं. पहाटेची गाडी, उभ्यानं मोताळा, तिथून दुसरी. सागर खिडकीतून ओकायचा. मशीनवरून उतरल्यावर परतीच्या गर्दीत त्याला उभं राहवायचं नाही आणि लोक जागा द्यायचे, पण कधीकधी द्यायचे नाहीत. याच काळात राजूरच्या थांब्यावर अन्नपूर्णाबाई भेटायला लागल्या. साठीच्या, एकट्याच यायच्या, सागरच्याच शेजारच्या बेडवर. एसटीत त्या सागरला आपला खांदा द्यायच्या आणि म्हणायच्या, झोप लेका, मले काही होत नाही.

अनुपमानं गाडीचं नाव घेणं सोडलं होतं. घरासमोरून लाल गाडी गेली तरी ती आत जायची. रात्री तिला झोप लागायची नाही आणि डोळा लागला तर स्वप्नात हात त्या पिकअपच्या दोरीवर आवळलेले असायचे.

पोळ्याच्या आसपास एका दुपारी सागरनं तिला अंगणात कडुनिंबाखाली बोलावलं. डिंपल शाळेत होती, तानुबाई शेतात. तो खाटेवर बसला होता, ती खाली ओट्यावर. त्यानं सरळच विषय काढला. गाडी दुरुस्त करून आणायची म्हणाला, दादाशी बोललो आहे. ती म्हणाली, आणा, पण ड्रायव्हर ठेवा. माझ्यानं होणार नाही.

"तुले वाटते तू मले मारत होती," सागर म्हणाला.

ती ओट्यावर पडलेली कडुनिंबाची पानं वेचायला लागली.

"ऐक. मी शुक्रवारी काऊन नाही आलो? पाणी काऊन पेलो इतकं? तू तांब्या हिसकला तवा तुले समजलं नाही?"

तिनं मान वर केली.

"मी मरायलेच बसलो होतो, अनु. कंटाळलो होतो. तुह्यी आणि आईची दशा पाह्यवत नव्हती. म्हटलं, चार दिवस मशीन चुकवलं की आपोआप होते, कोणाले दोष नाही." तो थांबला, दम खाल्ला. "तू मले गाडीत बसवलं तवाही मी म्हटलं, जाऊ दे, पोचेपर्यंत होईन काम. अन् मंग घाटात गाडी बंद पडली. इंजिन बंद झालं न सगळं चूप झालं. तवा मले असं भेव वाटलं... मले नाही मरायचं, असं वाटलं. तू रस्त्यात उभी होती. मी आतून पाहून राह्यलो होतो. म्हटलं, देवा, कोणीतरी थांबव."

अनुपमा उठली. तिला त्याला मारावंसं वाटलं. पाणी पिताना तो हसला होता ते तिला आठवलं, आणि डिंपलला जवळ घेऊन बसलेला, आणि दीपकला मोटारीचं सांगणारा. तिनं त्याच्या दोन्ही खांद्यांना धरून हलवलं, हाडं हाताला लागली तशी सोडलं, आणि तिथंच त्याच्या गुडघ्यांवर डोकं ठेवून इतकी रडली की शेजारची बाई कुंपणापाशी येऊन उभी राहिली.

"मले सांगितलं असतं तं," ती मग म्हणाली, "मले एकदा सांगितलं असतं."

"आता सांगितलं न."

"पुन्हा असं कराल?"

 "मन होईन तवा तुले सांगीन," तो म्हणाला. याहून मोठं वचन त्याच्याजवळ नव्हतं, आणि तिनंही मागितलं नाही.

गाडी दसऱ्याच्या आधी आली. दीपकनंच मोताळ्याहून चालवत आणली. चावी त्यानं अनुपमाच्या हातात दिली नाही, ओट्यावर ठेवली, आणि खाली बघत म्हणाला, "त्या दिवशी मी जे बोललो ते माह्यावरच होतं." ती म्हणाली, माहीत आहे, दादा. त्या दोघांत त्या विषयावर एवढंच बोलणं झालं. दीपक तपासणीला तेव्हाही गेला नाही. पण शुक्रवारी शेत सोडून तो सागरला गाडीत बसवायला यायला लागला.

पहिल्या दिवशी घाटात त्या वळणापाशी अनुपमाला कॅरेटं उतरवून ठेवलेली कड दिसली. तिनं गाडी थांबवली नाही. मागच्या सीटवर अन्नपूर्णाबाई होत्या, त्यांना आता राजूरला गाडीतच घेत असत. त्या काहीतरी स्वतःशी पुटपुटत होत्या, देवाचं नाव असेल. सागर म्हणाला, काटा बघ. तिनं काटा बघितला.

तो हिवाळा बरा गेला. सागर कधी हसायचा, कधी दिवसदिवस बोलायचा नाही. दोन वेळा त्यानं तिला सांगितलं, आज मन होऊन राह्यलं. दोन्ही वेळा ती कामाला गेली नाही, त्याच्याजवळ बसून राहिली. एकदा तिनं मोबाईलवर त्या जपानी स्पोर्ट गाडीचा आवाज लावला. त्यानं ऐकला, म्हणाला बंद कर, आणि मग म्हणाला, पुन्हा लाव.

तो गेला पुढच्या पावसाळ्यात, एका मंगळवारी सकाळी. अनुपमा अंगणात गाडी काढून बसली होती. दीपकनं त्याला आधार देऊन ओट्यापर्यंत आणलं, चपला घालायला बसवलं, आणि चपलांसाठी वाकला. वर बघितलं तेव्हा सागर भिंतीला टेकलेला होता. डॉक्टर म्हणाले, हृदय. मशीनवरच्या माणसाचं असं होतं. त्यात कुणाची चूक नव्हती आणि चूक नसणं हेच अनुपमाला कित्येक महिने सहन झालं नाही. कुणावर तरी ठेवता आलं असतं तर बरं झालं असतं, असं तिला वाटायचं.

तेरावं झालं. दीपकनं विचारलं, गाडीचं काय करायचं, विकायची का. तानुबाई आतून म्हणाली, राहू दे.  त्या शुक्रवारी सकाळी राजूरच्या थांब्यावर अन्नपूर्णाबाई उभ्या असतील हे अनुपमाच्या डोक्यातून जाईना. गावात लोक काय म्हणतील ते तिला माहीत होतं. कपाळ मोकळं असलेली बाई इतक्या लवकर गाडी घेऊन निघाली, असं ते म्हणालेही. ती गेली. अन्नपूर्णाबाई तिला बघून थांब्यावरच्या बाकावर बसून राहिल्या, उठल्याच नाहीत. मग अनुपमानं उतरून त्यांना हात दिला.

तेव्हापासून ती मंगळवार-शुक्रवार जाते. डिझेलची स्विफ्ट आता बनवतच नाहीत, नवी येते ती पेट्रोलची, तीन सिलिंडरची. मेकॅनिक म्हणतो, सुटे भाग आहेत तोवर चालवा. घरचं तिच्यावरच आहे. शेतात दीपकच्या बरोबरीनं राबते, बाकीच्या दिवशी भाडी मारते. रात्री अंग मोडून येतं. सागरची आठवण येऊन ती रडत असेल तर कुणाला दिसत नाही. डिंपल म्हणते, आई झोपेत कधीकधी कुणालातरी थांब म्हणते.

मागच्या महिन्यात मशीनच्या खोलीबाहेर ती बसली असताना शेजारी एक नवी मुलगी येऊन बसली. हातात हिरव्या बांगड्या, नवरा आत. पहिलीच पाळी असावी. तिनं अनुपमाकडे बघून हळूच विचारलं की असं किती दिवस चालतं, ताई.

 अनुपमानं पदरानं तोंड पुसलं आणि मुलीला विचारलं, कोणत्या गावच्या तुम्ही? मुलीनं मोताळ्याजवळचं एक खेडं सांगितलं. एसटीनं येतो, म्हणाली, यायलेच अर्धा जीव जाते.

"दिवस कोणते देल्ले?"

"मंगळवार न शुक्रवार."

"मंग फाट्यावर उभे राहत जा," अनुपमा म्हणाली. "लाल गाडी आहे माह्यी. मी थांबवीन."